चोवीस तासांचा कॅन आणि सकाळची छोटी बाटली

लघवीतील क्रिएटिनीनची तपासणी : कशासाठी, कशी आणि घरच्यांनी काय सांभाळावे

मिरजेला दवाखान्यांचे गाव म्हणतात ते उगाच नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन हॉस्पिटल इथे १८९४ पासून आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले. शेजारी सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, कराडला कृष्णा हॉस्पिटल, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. जत, आटपाडी, माण, खटाव, वाळवा, पाटण अशा सगळ्या तालुक्यांतील आपली माणसे आजारपणात याच गावांकडे धाव घेतात. आणि परत जाताना हातात औषधांच्या पिशवीबरोबर एक चिठ्ठी असते. अलीकडे या चिठ्ठीवर एक नाव वारंवार दिसते : यूरिन क्रिएटिनीन. कधी त्याच्यापुढे ‘२४ तास’ लिहिलेले असते, तर कधी ‘एसीआर’ अशी तीन अक्षरे.

घरी आल्यावर प्रश्न सुरू होतात. ‘क्रिएटिनीन तर रक्तातून तपासले होते, आता लघवीतून कशाला?’ ‘दिवसभराची लघवी घरात साठवून ठेवायची? नमाजीचे घर आहे, तहारतीचे काय?’ ‘साखर तर ताब्यात आहे, मग हा खर्च कशासाठी?’ बऱ्याच घरांत या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. चिठ्ठी कपाटात जाते आणि तपासणी राहून जाते. पुढे दोन-चार वर्षांनी पायावर सूज येते, दम लागतो, आणि डॉक्टर डायलिसिसची भाषा बोलू लागतात. म्हणून ही तपासणी नीट समजून घेऊ.

कारूऱ्यापासून लॅबपर्यंत

लघवी पाहून आजार ओळखणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात हकीमसाहेब नाडी पाहत आणि कारूरा, म्हणजे लघवीचा नमुना, मागवत. इब्न सीना यांच्या ‘अल-कानून’ या ग्रंथात लघवीच्या तपासणीवर सविस्तर विवेचन आहे. रंग, दाटपणा, वास, फेस, तळाशी बसणारा गाळ हे सगळे पाहायचे. नमुना सकाळचा असावा, त्याआधी काही खाल्लेले नसावे, केशरासारखा रंग देणारा पदार्थ पोटात गेलेला नसावा, अशा अटीही त्यांनी घातल्या होत्या. नमुना चुकीचा घेतला तर निदान चुकते, हे हकिमांना हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. आजच्या लॅबचेही तेच म्हणणे आहे.

फरक इतकाच की हकीम डोळ्यांनी पाहत, लॅब मोजते. जी अनेक द्रव्ये मोजली जातात, त्यांतले एक क्रिएटिनीन.

क्रिएटिनीन म्हणजे काय?

आपल्या स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचे द्रव्य असते. स्नायूंना झटपट शक्ती पुरवण्याचे काम ते करते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३२ मध्ये ते मांसातून वेगळे काढले. ग्रीक भाषेत मांसाला ‘क्रेआस’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. या क्रिएटिनचा थोडासा भाग रोज आपोआप झिजतो आणि त्याचे क्रिएटिनीन बनते. शरीराला त्याचा काही उपयोग नसतो. ते रक्तात येते, किडनी ते गाळते आणि लघवीवाटे बाहेर टाकते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, एका माणसाच्या शरीरात रोज तयार होणारे क्रिएटिनीन जवळजवळ ठरलेले असते. ते त्याच्या स्नायूंवर अवलंबून असते. उसाच्या फडात किंवा हमालीत राबणाऱ्या तरुणाचे जास्त, घरातल्या दादीचे कमी. साधारणपणे तरुण पुरुषाच्या लघवीतून दिवसाला दर किलो वजनामागे २० ते २५ मिलीग्रॅम आणि स्त्रीच्या लघवीतून १५ ते २० मिलीग्रॅम क्रिएटिनीन जाते. वय वाढते तसे स्नायू घटतात आणि हा आकडाही उतरतो. पण त्याच माणसाचा आजचा आणि उद्याचा आकडा फारसा बदलत नाही.

हा ठरलेपणा हाच क्रिएटिनीनचा खरा गुण आहे. लघवीतील बाकीच्या गोष्टी मोजायला ते मापाच्या वजनासारखे वापरता येते. ते कसे, ते पुढे पाहू.

लॅबमध्ये ते मोजतात कसे?

सांगलीच्या हळद पेठेजवळ राहणाऱ्यांना हे समजायला सोपे जाईल. पिवळ्या हळदीत चुना मिसळला की ती लाल होते. १८८६ मध्ये माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाला असेच काहीसे आढळले. पिक्रिक आम्ल पिवळे असते. अल्कलीच्या सोबत त्यात क्रिएटिनीन मिसळले की नारिंगी-लाल रंग येतो. क्रिएटिनीन जितके जास्त, तितका रंग गडद. पुढे ऑटो फोलिन यांनी १९०४ मध्ये या रंगावरून लघवीतील क्रिएटिनीन मोजण्याची पद्धत बसवली. आज रंगाचा गडदपणा यंत्र मोजते, पण अनेक लॅबमध्ये मूळ क्रिया अजून याफे यांचीच आहे.

लघवीत क्रिएटिनीन रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त असते. म्हणून लघवीचा नमुना आधी पातळ करून घेतात आणि मग यंत्रात घालतात. शेवटी आकड्याला तितक्याच पटीने गुणतात.

याफे पद्धतीत एक अडचण आहे. क्रिएटिनीन नसलेली काही द्रव्येही तोच रंग देतात. साखर फार वाढल्यावर तयार होणारे कीटोन आणि काही अँटिबायोटिक औषधे ही त्यांतली उदाहरणे. ही गडबड रक्ताच्या तपासणीत अधिक जाणवते. ती टाळण्यासाठी एन्झाइमची दुसरी पद्धत आहे. ती थोडी महाग, पण अधिक नेमकी. आपल्यापुरता धडा असा की, दर वेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासावे आणि चालू असलेल्या औषधांची नावे तिथे सांगावीत. एक रिपोर्ट मिरजेचा आणि दुसरा पुण्याचा असला तर थोड्या फरकावरून घाबरूही नये आणि खूषही होऊ नये.

चोवीस तासांचा कॅन

किडनी एका मिनिटात किती रक्त क्रिएटिनीनपासून साफ करते, या आकड्याला ‘क्रिएटिनीन क्लिअरन्स’ म्हणतात. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : दिवसभराची एकूण लघवी, त्या लघवीतील क्रिएटिनीन आणि त्याच काळात काढलेल्या रक्तातील क्रिएटिनीन.

हिशेब सोपा आहे. समजा, ६५ किलो वजनाच्या माणसाची २४ तासांची लघवी १,४४० मिलिलिटर भरली. दिवसाची मिनिटेही १,४४०, म्हणजे मिनिटाला १ मिलिलिटर. लघवीतील क्रिएटिनीन १०० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर आणि रक्तातील १. मग १०० गुणिले १ भागिले १, म्हणजे क्लिअरन्स मिनिटाला १०० मिलिलिटर. किडनी उत्तम. एकूण क्रिएटिनीन १,४४० मिलीग्रॅम, म्हणजे किलोमागे २२. तेही योग्य.

आता याच माणसाच्या किडनीची ताकद हळूहळू निम्मी झाली असे समजा. लघवीतले एकूण क्रिएटिनीन निम्मे होईल असे आपल्याला वाटते, पण तसे होत नाही. स्नायूंत रोज तितकेच तयार होत आहे आणि ते बाहेर जायलाच हवे. मग ते रक्तात साचत साचत वाढते आणि १ चे २ झाल्यावर निम्म्या ताकदीची किडनीही रोजचा तोच १,४४० मिलीग्रॅमचा कोटा बाहेर टाकते. क्लिअरन्स मात्र ५० येतो. म्हणून लघवीतील क्रिएटिनीनचा आकडा एकटा पाहून किडनी चांगली की वाईट हे ठरत नाही. रक्ताचा आकडा सोबत हवाच. ‘लघवीत क्रिएटिनीन जास्त आले’ म्हणून रात्रभर जागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

हल्ली बहुतेक वेळा डॉक्टर रक्तातील क्रिएटिनीन, वय आणि स्त्री-पुरुष यांवरून सूत्राने किडनीची गती काढतात. रिपोर्टवर ती ‘ईजीएफआर’ म्हणून छापलेली असते. मग कॅनची गरज कुठे पडते? माणूस फार कृश किंवा फार दणकट असेल, हात-पाय गमावलेला असेल, किडनी दान करायला पुढे आला असेल किंवा औषधाचा डोस अगदी नेमका ठरवायचा असेल, तिथे सूत्र चुकू शकते. तेव्हा प्रत्यक्ष मोजणे बरे. वारंवार मुतखडा होणाऱ्यांनाही कॅन देतात. माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या कोरड्या उन्हात राबणारी आणि पाणी कमी पिणारी माणसे हा त्रास ओळखून आहेत. त्या कॅनमध्ये कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल मोजतात आणि सोबत क्रिएटिनीनही. लघवी पूर्ण गोळा झाली की नाही याची साक्ष क्रिएटिनीनच देते. एकूण आकडा वजनाच्या मानाने फार कमी आला तर डॉक्टर ओळखतात की कुठेतरी लघवी वाया गेली.

वरच्याच माणसाने दोन वेळची मिळून ४०० मिलिलिटर लघवी कॅनबाहेर केली असती, तर क्लिअरन्स १०० ऐवजी ७२ आला असता. किडनी ठणठणीत, पण कागदावर बिघडलेली!

कॅन भरायचा कसा?

१. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी कॅनमध्ये घ्यायची नाही. ती नेहमीप्रमाणे करावी आणि घड्याळातली वेळ लिहून ठेवावी. समजा, सकाळचे ६.

२. त्यानंतर दिवसभरातली आणि रात्रीतली प्रत्येक लघवी कॅनमध्ये जमा करावी. शौचाला जाताना होणारी लघवीही आधी भांड्यात घ्यावी.

३. दुसऱ्या दिवशी बरोबर ६ वाजताची लघवी कॅनमध्ये घ्यावी. इथे २४ तास पूर्ण झाले.

४. कॅन झाकण लावून थंड आणि सावलीच्या जागी ठेवावा. उन्हाळ्यात बर्फ घातलेल्या बादलीत ठेवला तर उत्तम. काही तपासण्यांसाठी लॅब कॅनमध्ये आधीच औषध घालून देते. ते ओतून टाकू नये आणि हातावर पडू देऊ नये.

५. मध्ये एक वेळ चुकली तर लपवू नये. लॅबमध्ये सांगावे आणि पुन्हा सुरुवात करावी.

६. लग्न, प्रवास, बाजाराचा दिवस टाळावा. घरी राहण्याचा दिवस निवडावा.

तहारतीचा प्रश्न

आपल्या घरांत हा प्रश्न खरा आहे आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. लघवी नापाक आहे, म्हणून कॅन हाताळताना काळजी घ्यायची, इतकेच. तपासणी सोडून द्यायची नाही. वापरायला एक रुंद तोंडाचे प्लॅस्टिकचे भांडे वेगळे ठेवावे. त्यात लघवी घ्यावी, कॅनमध्ये ओतावी, भांडे धुवावे, मग पाण्याने इस्तिंजा करून हात साबणाने धुवावेत. कॅन बाथरूमच्या कोपऱ्यात ठेवावा. मुसल्ल्याजवळ किंवा स्वयंपाकघरात ठेवू नये. अंगावर किंवा कपड्यावर थेंब उडाला तर तेवढी जागा धुवावी. लॅबला जाताना वाटेत मशिदीत थांबायचे असेल तर नमुन्याची बाटली खिशात घेऊन नमाजला उभे राहू नये. ती गाडीच्या डिकीत ठेवावी किंवा नमुना आधी पोहोचता करावा.

इस्तिंज्याचे पाणी कॅनमध्ये गेले तर? मुद्दाम जाऊ देऊ नये. पण चुकून थोडे गेलेच तर घाबरण्याचे कारण नाही. पाण्याने लघवी पातळ होते, पण तिचे मापही तितकेच वाढते. दोन्हींचा गुणाकार, म्हणजे एकूण क्रिएटिनीन, तेवढेच राहते. बिघाड होतो तो लघवी सांडल्याने किंवा राहून गेल्याने. घरातल्या वयस्क माणसांना हे नीट सांगावे. कॅनच्या संकोचाने पाणी कमी पिणारी, दिवसभर लघवी रोखून धरणारी खाला आणि दादी जवळपास प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल. त्या दिवशी नेहमीइतकेच पाणी प्यावे आणि नेहमीसारखेच जेवावे.

सकाळची छोटी बाटली

आता त्या तीन अक्षरांकडे, एसीआरकडे येऊ. अल्ब्युमिन आणि क्रिएटिनीन यांचे प्रमाण. आपल्या घरांसाठी सगळ्यांत मोलाची तपासणी हीच आहे, कारण साखर आणि ब्लडप्रेशर आता घरोघरी आहे.

अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन. किडनीची चाळण शाबूत असेल तर ते लघवीत जवळजवळ उतरत नाही. साखर किंवा दाब बरीच वर्षे वाढलेला राहिला की चाळणीला बारीक इजा होते आणि अल्ब्युमिन झिरपू लागते. या वेळी माणसाला काहीच जाणवत नाही. सूज नाही, दुखणे नाही. रक्तातले क्रिएटिनीनही ठरलेल्या मर्यादेत असते. ते मर्यादेबाहेर जाईपर्यंत किडनीची जवळजवळ निम्मी ताकद गेलेली असू शकते. म्हणून ‘रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर मधुमेही माणसाने निश्चिंत राहू नये.

पण नुसते अल्ब्युमिन मोजले तर फसगत होते. भरपूर पाणी प्यायलेल्याची लघवी पातळ असते, रोजेदाराची असरच्या वेळची लघवी दाट असते. समजा, एका माणसाची सकाळची दाट लघवी तपासली. लिटरला ८० मिलीग्रॅम अल्ब्युमिन, २ ग्रॅम क्रिएटिनीन. प्रमाण ४०. त्याच माणसाने दोन तांबे पाणी प्यायल्यावर तपासली. अल्ब्युमिन अवघे २०, म्हणजे एकटे पाहिले तर ठीकच. पण क्रिएटिनीनही अर्धा ग्रॅम झालेले. प्रमाण पुन्हा ४०. रश्शात पाणी घातले की मीठ आणि तिखट दोन्ही पातळ होतात, पण मिठाशी तिखटाचे प्रमाण बदलत नाही, तसेच हे. म्हणून कॅनची कटकट नको. सकाळच्या पहिल्या लघवीची एक छोटी बाटली पुरते.

रिपोर्ट असा वाचावा : एक ग्रॅम क्रिएटिनीनमागे ३० मिलीग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक. ३० ते ३०० मध्ये असेल तर किडनीने तक्रार सुरू केली आहे. ३०० च्या वर गेले तर इजा बरीच आहे. काही लॅब मिलीमोलमध्ये आकडा देतात, तिथे ३० च्या जागी साधारण ३ ही मर्यादा असते. रिपोर्टवर कोणते माप आहे ते आधी पाहावे, नाहीतर ३० चा आकडा ३ समजला जाईल.

लघवीत बुडवायची साधी पट्टी ‘निरंक’ दाखवते, म्हणून हा टप्पा निघून गेला असे समजू नये. ३० ते ३०० मधली गळती त्या पट्टीवर बहुधा दिसतच नाही.

एकदा जास्त आले म्हणजे लगेच किडनीचा आजार ठरत नाही. ताप, लघवीतील जंतुसंसर्ग, पाळीचे दिवस, आदल्या दिवशीची जड कसरत, फार वाढलेली साखर यांनीही आकडा तात्पुरता वाढतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनदा तपासून त्यांतले दोन वाढलेले आले तर निदान पक्के धरतात. बायकांनी पाळीच्या दिवसांत ही बाटली देऊ नये.

टाइप २ मधुमेह कळला त्या वर्षापासूनच दरवर्षी एकदा एसीआर करावी. लहानपणी किंवा तरुणपणी इन्सुलिनवर आलेल्या टाइप १ च्या रुग्णांनी साधारण पाच वर्षांनंतर दरवर्षी. ब्लडप्रेशर असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारून करावी. खर्च काही शे रुपयांचा. डायलिसिस मात्र बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तासांच्या आसपास. जतहून किंवा दहिवडीहून जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. रुग्णाची रोजी बुडते आणि सोबत जाणाऱ्याचीही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस मोफत मिळण्याची सोय आहे आणि गरजूंनी ती जरूर घ्यावी. पण जाणारा दिवस कोणतीही योजना परत देत नाही.

वेळीच कळले तर करण्यासारखे बरेच आहे. दाब ताब्यात ठेवणे, साखर सांभाळणे, मीठ कमी करणे, तंबाखू सोडणे. अल्ब्युमिनची गळती कमी करणारी ब्लडप्रेशरची काही खास औषधे आहेत. साखरेच्या काही नव्या गोळ्याही किडनीला आधार देतात. मेडिकलमधून आणून रोज खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्या आणि नाव-गाव नसलेल्या भस्माच्या पुड्या आधी बंद कराव्यात.

गरोदर बहिणींसाठी

पाच महिन्यांनंतर ब्लडप्रेशर १४०/९० किंवा त्याहून जास्त भरले तर डॉक्टर लघवीत प्रथिन आणि क्रिएटिनीनचे प्रमाण पाहतात. ते ०.३ किंवा त्याहून जास्त आले तर प्री-एक्लॅम्पसियाची शंका घेतात. हा आजार आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो. पूर्वी त्यासाठी २४ तासांची लघवी साठवावी लागे आणि निदानाला दिवस जाई. आता एका बाटलीवर काही तासांत उत्तर मिळते. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर अचानक सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणे असे काही झाले तर सासूबाईंनी ‘गरोदरपणात असे होतेच’ म्हणून थांबवू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गलाईवाल्यांसाठी आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी

खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायात देशभर पसरली आहेत. दागिन्यांच्या डाकात पूर्वी कॅडमियम सर्रास वापरत. ‘केडीएम’ हा शब्द त्यावरूनच आला. कॅडमियम किंवा पाऱ्याच्या धुराशी वर्षानुवर्षे संबंध आला तर ते किडनीत साचते. अशा माणसांच्या लघवीतील धातूचे प्रमाणही ‘एक ग्रॅम क्रिएटिनीनमागे इतके’ असेच मोजतात, कारण इथेही दाट-पातळ लघवीचा प्रश्न येतो. सुट्टीत गावी आलेल्या गलाई कामगाराने डॉक्टरांना आपला धंदा आवर्जून सांगावा. तो सांगितल्याशिवाय ही तपासणी कोणाला सुचणार नाही.

नोकरीसाठी नशेच्या पदार्थांची तपासणी होते तेव्हाही क्रिएटिनीन पाहतात. ते २० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर नमुना पातळ धरतात आणि पुन्हा बोलावतात. लघवी लवकर व्हावी म्हणून तरुण मुले तपासणीआधी पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करतात आणि नाहक संशयात सापडतात. नेहमीइतकेच पाणी प्यावे.

बकरी ईद आणि रमजान

मांस शिजवताना त्यातल्या क्रिएटिनचे काही प्रमाणात क्रिएटिनीन होते. भरपूर मटण खाल्ल्यावर काही तास रक्तातील आणि लघवीतील क्रिएटिनीन वाढलेले दिसते. म्हणून बकरी ईदच्या दावतीनंतर लगेच तपासणीला जाऊ नये. ईदचे दिवस सरून रोजचे जेवण सुरू झाले की जावे. जिममध्ये जाऊन क्रिएटिनची पावडर खाणाऱ्या मुलांनी ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. तिनेही आकडा वाढतो.

रमजानची तयारी शाबानमध्ये नव्हे, त्याच्याही आधी, रजबमध्ये करावी. साखर किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी तेव्हाच एसीआर आणि रक्तातील क्रिएटिनीन करून घ्यावे. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना विचारावे : मला रोजे झेपतील का? औषधांच्या वेळा सहरी-इफ्तारीला कशा बसवायच्या? सूरह बकरहमध्ये आजारी माणसाला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत स्पष्ट आहे, आणि ज्याला ते कधीच शक्य नाही त्याच्यासाठी फिद्याचा मार्ग आहे. आपल्या बाबतीत काय लागू होते ते डॉक्टरांचे मत ऐकून आलिमांना विचारावे. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून उरलीसुरली किडनी पणाला लावणे ही परहेजगारी नव्हे. आणि रोज्यात लघवीचा नमुना दिल्याने रोजा तुटत नाही, हेही इथे सांगून ठेवू.

डॉक्टरांना काय विचारावे?

पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा एवढे विचारा. माझी एसीआर शेवटची कधी झाली? आकडा किती होता आणि मागच्या वर्षी किती? रक्तातल्या क्रिएटिनीनवरून माझी किडनीची गती किती येते? मी घेतो त्या गोळ्यांपैकी किडनीला जड अशी कोणती आहे? आणि सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फायलीत ठेवा. एका आकड्यापेक्षा पाच वर्षांची ओळ डॉक्टरांना जास्त सांगते.

घरातल्या पुरुषांचे रिपोर्ट निघतात, अम्मीचे राहून जातात, हे आपण सगळे जाणतो. दहा वर्षांपासून साखरेची गोळी घेणाऱ्या अम्मीला विचारा, लघवीची ही तपासणी कधी केली होती? बहुतेक ठिकाणी उत्तर ‘कभी नहीं’ असेच येईल. मग या आठवड्यात सकाळी एक छोटी बाटली लॅबमध्ये पोहोचवा. इलाज करणे ही आपल्या नबी करीम (स.) यांची शिकवण आहे. शिफा देणारा अल्लाह आहे, पण बाटली घेऊन जाण्याचे काम आपले आहे.